घरी बांधलेल्या दोन आसनी मोटारीचे पासिंग होऊ शकते का?

प्रश्न : रामबागचा फिटर (इंदूर)

सर्व जाणकारांना नमस्कार. मी इंदूरला राहतो आणि पिथमपूरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करतो. गेली साडेतीन वर्षे रविवार आणि सणासुदीच्या सुट्या खर्ची घालून खंडवा रोडवरील आमच्या शेतातल्या जुन्या गोठ्यात मी एक उघडी, दोन आसनी मोटार बांधली आहे. १९५७ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या लोटस सेव्हन या गाडीच्या धर्तीवर तिची आखणी केलेली असून, चौकोनी पाइपांचा जाळीदार सांगाडा, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फायबरचे मडगार्ड एवढाच तिचा देह आहे. इंजिन, पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल भंगारात निघालेल्या मारुती जिप्सीचा आहे. जिप्सीच निवडण्याचे कारण असे की तिचे इंजिन लांबीच्या दिशेने बसते आणि ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांकडे ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी असते, त्यामुळे ती काढून टाकली की शाफ्ट थेट मागच्या ॲक्सलला जोडता येतो. धर्मकाट्यावर गाडीचे वजन ६४० किलो भरले.

आता खरी अडचण सुरू झाली आहे. गाडी रस्त्यावर आणायची तर कोणता अर्ज भरावा, कोणत्या चाचण्या द्याव्या लागतात आणि त्या कोठे होतात, हे मला कोणीही नीट सांगू शकलेले नाही. एका एजंटाचे म्हणणे असे की ज्या जिप्सीचे इंजिन आहे तिची आरसी विकत घ्यावी, म्हणजे तो ही गाडी ‘मॉडिफाइड जिप्सी’ म्हणून कागदावर दाखवून देईल. मला हे पटत नाही, परंतु चार ओळखीच्या लोकांनी ‘सगळे असेच करतात’ असे सांगितल्यामुळे मन द्विधा झाले आहे. शेवटचा प्रश्न असा की, रस्त्यावर परवानगी मिळणारच नसेल, तर निदान आमच्या शेतात ही गाडी चालवण्यास काही हरकत आहे का? इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांची खरेदीची बिले माझ्याजवळ आहेत.

उत्तर १ : निवृत्त चाचणी अभियंता (पुणे, मूळचा इंदूरचा)

आपण केलेले काम कौतुकाचे आहे, आणि म्हणूनच उत्तर आडपडदा न ठेवता देतो. भारतात एका माणसाने एकच बांधलेल्या मोटारीला तपासून रस्त्यासाठी मान्यता देण्याची स्वतंत्र पद्धतच नाही. कोणती चाचणी द्यावी हा पुढचा प्रश्न झाला. मुळात आपल्याला चाचणीच्या दारापर्यंत नेणारी वाटच नियमांत आखलेली नाही.

याचे कारण समजून घ्यायला हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन चालवता येत नाही. नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ४७ खाली नमुना २० (फॉर्म २०) मध्ये अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत विक्रेत्याचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, आणि उत्पादकाचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २२, जोडावे लागते. नमुना २२ मध्ये उत्पादक लिहून देतो की हे वाहन प्रदूषणाच्या आणि सुरक्षेच्या मानकांत बसते व रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे. असे लिहून देण्याचा अधिकार त्याला नियम १२६ मुळे मिळतो. या नियमाप्रमाणे उत्पादकाने किंवा आयातदाराने आपल्या मॉडेलची एक नमुना-गाडी अधिकृत संस्थेकडे चाचणीसाठी द्यायची असते. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयसीएटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांपैकी काही संस्था होत. ती नमुना-गाडी उत्तीर्ण झाल्यावर त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीची पुन्हा तशी परीक्षा होत नाही. पुढे नियम १२६-अ खाली कारखान्यातून निघणाऱ्या गाड्या मंजूर नमुना-गाडीसारख्याच आहेत की नाहीत, एवढे अधूनमधून पाहिले जाते. आता या साखळीत स्वतःला ठेवून पाहा. आपण उत्पादकही आहात, विक्रेतेही आहात आणि ग्राहकही आहात, परंतु आरटीओच्या संगणकावर उत्पादकाने आधी चढवलेले मॉडेल नसेल, तर समोरचा कारकून कितीही सज्जन असला तरी त्याला पुढचे पान उघडता येत नाही.

‘मग मीच उत्पादक म्हणून अर्ज करतो’ असे आपण म्हणाल. कागदोपत्री ते अशक्य नाही, पण चाचण्यांचे स्वरूप पाहा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे मानक लागू आहे, आणि मोटारीच्या बाबतीत धुराची चाचणी सुट्या इंजिनाची होत नाही, संपूर्ण गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या चक्राप्रमाणे चालवून होते. त्यामुळे नव्या गाडीचे भारत स्टेज ६ चे इंजिन आणून बसवले तरी आपली गाडी आपोआप भारत स्टेज ६ ची होत नाही, कारण गाडीचे वजन, गिअरचे गुणोत्तर, सायलेन्सरची नळी आणि ईसीयूची, म्हणजे इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या संगणकाची, जुळणी असे सगळेच बदललेले असते. जिप्सीचे जुने इंजिन तर या परीक्षेत बसण्याचा प्रश्नच नाही. दुसरी गोष्ट टकरीची. प्रवासी मोटारींच्या नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१७ पासून एआयएस-०९८ (एआयएस म्हणजे वाहन उद्योगाची मानके) ही समोरून अर्धवट आदळण्याची चाचणी लागू झाली. तीत गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगाने एका बाजूने अडथळ्यावर आदळवतात. ज्याने आयुष्यात एकच गाडी बांधली आहे त्याची चाचणी यशस्वी झाली, तरी घरी न्यायला गाडी उरणार नाही! त्याखेरीज एबीएस आहे, समोरच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग आहेत, सीटबेल्टची आठवण देणारा भोंगा आहे, वेगाचा इशारा आहे. आपण जिचे इंजिन वापरले ती जिप्सीसुद्धा २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली, कारण हे सारे तिच्यात बसवणे कंपनीला परवडणारे नव्हते. एवढ्या मोठ्या कंपनीने जे सोडून दिले, ते गोठ्यात पुरे करण्याचा हट्ट धरू नये.

आपण पिथमपूरला जाता-येता नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची भिंत रोज पाहत असाल. जून २०२१ मध्ये तेथील ११.३ किलोमीटरच्या वेगवान धावपट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा मलाही क्षणभर वाटले होते की एखाद्या रविवारी हौशी लोकांच्या गाड्या तेथे तपासून द्यायला काय हरकत आहे. परंतु ती धावपट्टी मॉडेल बाजारात आणणाऱ्यांसाठी आहे. आणि तेथे गाडी ताशी दोनशेने पळवून दाखवली, तरी त्यामुळे नमुना २२ मिळत नाही.

एक गोंधळ मात्र दूर करतो, कारण पुढे कोणीतरी आपल्याला ‘किटला तर परवानगी आहे’ असे नक्की सांगेल. आपल्या नियमांत ‘किट’ म्हणजे आधीच नोंदणी झालेल्या गाडीला बसवायचे मंजूर सीएनजी किंवा विजेचे किट होय. पेट्रोलची जुनी गाडी विजेवर करण्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, मंजूर किट अधिकृत केंद्रात बसवून आरसीवर त्याची नोंद करून घेता येते. सुट्या भागांतून गाडी उभी करणे या अर्थाचा ‘किट’ हा शब्द त्या नियमांना अभिप्रेत नाही.

उत्तर २ : काळा कोट (इंदूर)

वरील उत्तर मोलाचे आहे. मी फक्त एजंटाच्या सल्ल्यापुरते लिहितो, कारण धोका तेथेच आहे.

जुन्या जिप्सीच्या आरसीवर ही गाडी चालवली की प्रकरण कलम ५२ खाली येते. त्या कलमानुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्पष्ट केले आहे. रंग बदलणे किंवा परवानगी घेऊन त्याच प्रकारचे इंजिन बसवणे, इथपर्यंत मुभा आहे, पण बॉडी किंवा सांगाडा बदलण्यास नाही. आपल्या बाबतीत तर जिप्सीचा सांगाडा शिल्लकच नाही. मग आरसीवरचा चासी क्रमांक कोठे दाखवणार? तो नव्या पाइपवर ठोकून घ्या, असे एजंट सांगेल. तसे केले की हे प्रकरण मोटार वाहन कायद्यापुरते राहत नाही, बनावट दस्तऐवज आणि फसवणूक यांचा फौजदारी गुन्हा होतो, आणि त्यात एजंटाचे नाव कोठेही नसते.

दंडाचे आकडेही डोळ्यांसमोर असू द्यावेत. नोंदणीशिवाय गाडी चालवल्यास कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण माझ्या मते दंड हा यातला सर्वांत लहान भाग आहे. वैध नोंदणी नसलेल्या गाडीचा तृतीय पक्ष विमा उतरत नाही. खोट्या तपशिलांवर उतरवला, तर अपघातानंतर कंपनी हात वर करते किंवा भरपाई देऊन ती आपल्याकडून वसूल करते. एखाद्या कमावत्या माणसाचा जीव गेला तर दावा न्यायाधिकरणाची भरपाई किती होते, हे मी रोज पाहतो. त्यापुढे शेत, गोठा आणि गाडी तिन्ही विकूनही भागत नाही.

हरियाणातील मंडी डबवाली येथे जुन्या भागांतून बांधून ‘कागदांसकट’ विकल्या जाणाऱ्या जीपांबद्दल मला दर महिन्याला कोणीतरी विचारते. सर्वांना एकच सांगतो : कागद आणि लोखंड एकाच गाडीचे आहे का, ते आधी पाहा.

उत्तर ३ : माळवी पाहुणा (पूर्वी इंग्लंडमध्ये वास्तव्य)

ज्या देशात ही गाडी जन्मली तेथे काय करतात, हे मी जवळून पाहिले आहे, कारण माझ्या शेजाऱ्याने अशीच एक गाडी गॅरेजात बांधली आणि तिच्या तपासणीला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. ब्रिटनमध्ये ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’, म्हणजे एकेका गाडीची मान्यता, अशी पद्धत आहे. २००९ मध्ये तिने आधीच्या ‘सिंगल व्हेइकल अप्रूव्हल’ची जागा घेतली. गाडी आदळून पाहत नाहीत. सरकारी केंद्रातला निरीक्षक हातात नियमपुस्तिका घेऊन ब्रेक, दिवे, आरसे, सीटबेल्टच्या बोल्टची जागा, आवाज, धूर आणि स्पीडोमीटरची अचूकता अशा एकेका गोष्टीवर काट मारत जातो.

त्या दिवशी माझा शेजारी ब्रेकवर नव्हे, तर एका बोल्टच्या टोकावर नापास झाला. बाहेरून हात किंवा अंग लागू शकेल अशा प्रत्येक कडेची गोलाई किमान २.५ मिलिमीटर असावी असा तेथे नियम आहे, आणि निरीक्षक एक गोळा फिरवून पाहतो की तो कोठे कोठे टेकतो. घरी येऊन शेजाऱ्याने सस्पेन्शनच्या नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या आणि पत्र्याच्या कडांवर रबराची पट्टी चढवली, आणि दुसऱ्या खेपेस तो उत्तीर्ण झाला. गाडी स्वतःच बांधली हे पटवण्यासाठी त्याने बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि बिले जपून ठेवली होती. ज्या गाडीचे वय किंवा मूळ ठरवता येत नाही तिला तेथे ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक देतात, म्हणजे ही गाडी जुन्या-नव्या भागांची आहे हे कोणापासून लपून राहत नाही.

हे लिहिण्यामागे हेवा नाही, हिशेब आहे. आपली गाडी रस्त्यावर आली नाही तरी ब्रिटनच्या नियमपुस्तिकेप्रमाणे ती स्वतः तपासून घ्यावी. बंद आवारात चालवणाऱ्याचेही हात-पाय त्याच कडांना लागतात.

उत्तर ४ : लालबागचा वाटसरू (इंदूर)

थोडे विषयाच्या कडेने जातो, पण विषय सोडत नाही. आपल्याच इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग ही मोटार घेतली, तेव्हा चासी आणि इंजिन अमेरिकेतून आले आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढवली. त्या काळी श्रीमंतांच्या मोटारी अशाच दोन-तीन हातांनी बनत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आता तोच प्रकार कायद्याने फक्त बस आणि ट्रकच्या बॉडीपुरता उरला आहे, तोही ठरलेल्या मानकांनुसार.

मला खरा सल बोचतो तो वेगळाच. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या मराठी वैमानिकाला, बराच झगडा करावा लागला हे खरे, पण २०१७ मध्ये विमानाची नोंदणी मिळाली. उलट सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रा यांनी तिचे मनापासून कौतुक केले आणि त्याच दमात लिहिले की नियमांत बसत नसल्यामुळे ही गाडी आज ना उद्या थांबवली जाईल. २०२२ च्या जानेवारीत त्यांनी तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला बोलेरो दिली. आकाशात उडायला हौशी माणसासाठी एक रकाना आहे आणि राजवाड्याला चक्कर मारायला नाही, हे मला अजून उमगलेले नाही.

उत्तर ५ : निवृत्त चाचणी अभियंता

वाटसरूंचा सल मलाही समजतो, पण त्याला एक उत्तर आहे. हौशी विमानाला परवानगी असते ती अटींसह, आणि ते रोज सकाळी शाळेच्या रिक्षांच्या गर्दीतून जात नाही. तरीही ब्रिटनसारखी वर्षाला मोजक्या गाड्यांची तपासणी आपल्याकडे सुरू करता येईल, असे माझे मत आहे. तपासणारे अभियंते आणि केंद्रे दोन्ही आपल्याकडे आहेत. फक्त नियमात एक रकाना हवा.

शेताविषयीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. ‘खासगी जमिनीवर काहीही चालते’ असा सर्वत्र समज आहे, तो पूर्णपणे खरा नाही. कलम ३९ मध्ये ‘सार्वजनिक ठिकाणी’ एवढेच शब्द नसून ‘किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असेही शब्द आहेत. सूट मिळते ती कलम २(२८) मधील व्याख्येमुळे, कारण केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास प्रकारचे वाहन हे ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच येत नाही. वकीलसाहेबांनी चूक असल्यास दुरुस्त करावे.

उत्तर ६ : काळा कोट

चूक नाही. म्हणून शेताला कुंपण आणि फाटक असू द्या, गावचा रस्ता किंवा पायवाट त्यातून जात असेल तर तो भाग वगळा, आणि गाडीवर नंबर प्लेटसारखे दिसेल असे काहीही लावू नका. ‘फक्त पेट्रोल पंपापर्यंत’ हा मोह अजिबात नको. पेट्रोल कॅनमध्ये आणण्याचे नियम पाळून ते शेतातच आणा.

रामबागचा फिटर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, आपले पहिले उत्तर वाचून रात्री झोप लागली नाही हे खरे, पण सकाळी उठून एजंटाला नाही म्हणून टाकले. वकीलसाहेब, आपण म्हणता तशी एक पायवाट शेताच्या उत्तरेकडून जाते, त्यामुळे तेवढा तुकडा वगळून उरलेल्या भागाला तारेचे कुंपण घालत आहे. बोल्टच्या टोकांची गोष्ट वाचून गाडीभोवती एक चेंडू फिरवून पाहिला, तर एकवीस ठिकाणी तो लागला. त्यांतली चार ठिकाणे थेट चालकाच्या गुडघ्याजवळ आहेत.

आता एकच विचारतो. शेतात फार तर दुसऱ्या गिअरपर्यंत जाता येते. मोटार स्पर्धांच्या बंद धावपट्टीवर ही गाडी नेता येईल का?

उत्तर ७ : क्लचप्लेट (वडोदरा)

नेता येते, पण आपण चालवत नव्हे, लादून. स्पर्धेच्या गाड्यांना नोंदणी नसते, त्या सगळ्या ट्रेलरवरून किंवा फ्लॅटबेडवरूनच येतात. आपल्याकडच्या स्पर्धा एफएमएससीआय या महासंघाच्या नियमांखाली होतात. आधी चालकाचा स्पर्धा-परवाना काढावा लागतो, आणि आपली गाडी कोणत्या गटात बसते हे त्या त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात पाहावे लागते, कारण घरी बांधलेल्या गाड्यांना प्रत्येक ठिकाणी प्रवेश असतोच असे नाही. तपासणीत रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा), हार्नेस (अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट), अग्निशामक आणि बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा खटका या चार गोष्टींवर पहिली नजर जाते. आपल्या पाइपांच्या सांगाड्यावर रोल केज नुसता वेल्ड करून चालणार नाही, त्याचे पाय पाइपांच्या कोणत्या जोडावर उतरतात ते आधी आखून घ्या. अशा उघड्या गाडीत चालकाचे डोके हाच तिचा सर्वांत उंच भाग असतो.

माझ्याकडे जुना ट्रेलर आहे आणि दिवाळीनंतर मी इंदूरला येणार आहे. गाडीच्या पोटाखाली किती मोकळी जागा आहे आणि पुढच्या चाकापासून नाकापर्यंत किती अंतर आहे ते मोजून कळवा, कारण माझ्या ट्रेलरचा रॅम्प चढाला तीव्र आहे आणि लोटस सेव्हनच्या घडणीची गाडी त्यावर नाकानेच टेकेल, अशी मला शंका आहे.